मोजणी चालू असताना

रविवार, दिनांक ८ डिसेंबर १९९६, दुपारचे चार वाजून वीस मिनिटे. पितळखोऱ्याच्या पठारावर उभ्या असलेल्या बसमध्ये मोजून अडतीस माणसे.

"अडतीस," काकासाहेब वाघचौऱ्यांनी आकडा मोठ्याने उच्चारला आणि शेवटच्या बाकाच्या दांडीवरचे बोट उचलले.

"काकासाहेब, आम्ही काय मेंढरं हाव का?" खिडकीजवळून कारभारी पवार ओरडले. मोंढ्यात अडतीचे दुकान चालवून त्यांचा आवाज कायमचा चढलेला होता. "सकाळधरून किती बार मोजताल?"

"मेंढरं परवडली, कारभारी. ती मोजताना बोलत नाहीत."

बसभर हशा पिकला. त्याच हशात शेवटच्या बाकावरून कुणी बाई काहीतरी सांगू लागली. काकासाहेबांनी तिकडे न पाहता तळहात वर केला. आकडा पक्का करण्यासाठी ते आता उलट्या दिशेने, मागून पुढे मोजत निघाले होते, आणि मोजणी चालू असताना बोलायचे नाही, हा मंडळाचा नियम होता. बाई गप्प झाली. उलटी मोजणीही अडतीसच भरली. मग पुढे येऊन, चालकाच्या केबिनला पाठ लावून ते म्हणाले, "ज्याने त्याने आपला जोडीदार पाहावा. ज्याचा आला नसेल त्याने हात वर करावा."

कुणाचाही हात वर झाला नाही.

"कडूबा, चला."

कडूबा म्हणजे चालक. त्याने बिडी खिडकीबाहेर टाकली आणि गाडी वळवली.

काकासाहेब तंत्रनिकेतनात शिकले होते. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन ते आधी रेल्वे स्टेशनजवळच्या आणि पुढे वाळूजच्या एका कारखान्यात लागले, आणि सारी नोकरी त्यांनी तपासणी विभागात काढली. तिथून बाहेर पडताना त्यांनी एक सूत्र बरोबर आणले होते : एका तपासणीवर विसंबू नये, दुसरी असावी, आणि ती पहिलीपासून स्वतंत्र असावी. नोकरीत असतानाच त्यांनी गारखेड्यात रविवार ज्ञानमंडळ सुरू केले होते. शिक्षण शाळेबरोबर संपत नाही, असे त्यांचे मत होते आणि ते मत त्यांनी समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवूनही घेतले होते. दर रविवारी संध्याकाळी तिथे एक व्याख्यान होई. रक्तदाब, वारसा कायदा, जायकवाडीचे पाणी, पाणचक्कीचे खापरी नळ. विषयाला बंधन नव्हते. ऐकायला निवृत्त कारकून येत, दुकानदार येत, घरकाम आवरून बायका येत. आणि वर्षातून तीनदा, व्याख्यानात ऐकलेले डोळ्यांनी पाहण्यासाठी, एका दिवसाची सहल निघे.

पहिल्याच सहलीत देवगिरीच्या किल्ल्यावर एक गृहस्थ मागे राहिले होते. ते उसाच्या ट्रकमधून घरी पोहोचले आणि पुढे वर्षभर मंडळाच्या नावाने बोटे मोडत राहिले. तेव्हापासून काकासाहेबांनी दोन तपासण्या बसवल्या. पहिली माणसांच्या मोजणीची. त्यात चेहऱ्याकडे पाहायचे नाही. चेहरा पाहिला की माणूस बोलतो आणि माणूस बोलला की आकडा सुटतो. फक्त डोकी मोजायची. दुसरी जोडीची. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला. आपला जोडीदार गाडीत आहे की नाही, एवढेच ज्याने त्याने पाहायचे. त्यानंतर अकरा वर्षांत मंडळाचे कुणीही कुठेही मागे राहिले नव्हते. इतर मंडळे काकासाहेबांना ही पद्धत विचारायला येत, आणि ते ती फळ्यावर आकृती काढून समजावून सांगत.

बस पठारावरून उतरू लागली. काकासाहेब चालकाशेजारच्या आपल्या नेहमीच्या जागी बसले आणि त्यांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला. लेण्यांच्या पायाशी कोरलेली हत्तींची रांग, दाराशी उभे असलेले द्वारपाल, चैत्यगृहाच्या खांबांवरची पुसट होत चाललेली चित्रे, असे सारे त्यांनी पुन्हा एकदा क्रमाने सांगितले. निम्मी बस पेंगत होती. पेंगणाऱ्यांची त्यांना सवय होती. ऐकलेले झोपेतही थोडेफार मुरते, असे ते म्हणत.

सव्वापाचला कन्नड आले. नाक्यावर चहासाठी गाडी थांबली. सगळे उतरले, हातपाय मोकळे केले, कुणी भजी घेतली. कारभारींनी चहावाल्याला, "आमच्या साहेबाला बशीत दे बाबा, कपात दिलास तर थेंब मोजत्यात," असे सांगून पुन्हा एकदा हशा मिळवला. काकासाहेबही हसले. दिवस चांगला गेला होता. सगळे पुन्हा गाडीत चढले आणि ते नियमाप्रमाणे पुढून मागे मोजत गेले.

सदतीस.

ते शेवटच्या बाकापाशी थांबले. तिथे धपाट्यांचे रिकामे डबे होते, पिण्याच्या पाण्याचे पिंप होते, दह्याच्या चटणीचे झाकणबंद पातेले होते. ते मागून पुढे मोजत आले. सदतीस.

"कोण राहिलं खाली?" त्यांनी विचारले. "जोडीदार पाहा."

माणसांनी एकमेकांकडे पाहिले. जोहराबीने शेजारच्या सारजाबाईचा हातच धरून वर केला. जोहराबी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. नाडी पाहिल्यासारखाच तिने तो हात धरला होता. "ये मेरी जोडी. है बैठी," ती म्हणाली.

"माझी हाय."

"माझीबी हाय."

"तुम्ही सोताला धरायचं इसरले असताल," कारभारी म्हणाले.

काकासाहेबांनी मान हलवली. स्वतःला ते नेहमीच पहिले धरत. त्यांनी तिसऱ्यांदा मोजले, या वेळी प्रत्येक बाकाच्या पाठीला हात लावून. आकडा हलेना. जोड्या तर सगळ्या पूर्ण होत्या. जोड्या पूर्ण असून एक माणूस कमी, हे होऊच शकत नव्हते. एकोणीस जोड्या म्हणजे अडतीस. कारखान्यात असा विरोध दिसला की ते मोजमापाचे साधन तपासायला सांगत. ते गाडीच्या मधोमध उभे राहून साधनाचाच विचार करू लागले. कपाळाला हात लावून त्यांनी कारभारींना विचारले, "सकाळी तुमच्यामागे कोण बसलं होतं?"

कारभारी काकासाहेबांच्या खांद्यावरून मागे पाहत होते. मग आणखी एकाने मागे पाहिले. बसमधला आवाज बाकाबाकाने बंद होत गेला. गाडीतल्या सगळ्यांना समजले होते आणि मोजणारा माणूस तेवढा अजून विचारात होता.

शेवटी जोहराबी उठली. "भाईसाब," ती हळू आवाजात म्हणाली, "वच्छलाभाभी किधर है?"

वच्छलाबाई काकासाहेबांच्या पत्नी.

त्यांनी शेवटच्या बाकाकडे पाहिले. डबे, पिंप आणि पातेले यांच्या मधली जागा रिकामी होती. अकरा वर्षे ती जागा वच्छलाबाईंची होती. झाकणे घसरू नयेत म्हणून त्या तिथे बसत. त्यांचे जोडीदार काकासाहेब होते. हात वर करायचा तर तो काकासाहेबांनाच करावा लागला असता, आणि हात वर करा असे सांगणारेही तेच होते.

"पण अडतीस आले होते," ते म्हणाले.

त्यांनी शेजारच्या बाकाच्या दांडीवर बोट टेकवले.

"दोनदा मोजले मी. पितळखोऱ्याला अडतीस आले होते."

"हौ भाईसाब," जोहराबी म्हणाली. "अडतीस आये. भाभी नहीं आयी."

सगळे एकदम बोलू लागले. कुणीतरी म्हणाले, मागे एक म्हातारी बसली होती, डोक्यावरून पदर घेतलेली. दुसऱ्याने म्हटले, मला वाटले तुमच्या घरच्याच आहेत. कारभारी त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईने खाली उतरले आणि रस्त्यापलीकडे धावले. तिथे पिशोरला जाणाऱ्या जीपगाड्या भरत होत्या. एका जीपच्या मागच्या फळीवरून त्यांनी त्या म्हातारीला खाली उतरवून आणले. तिच्या काखेत बोचके होते.

"काय झालं वो? म्या काय केलं?" ती घाबरली होती. तिचे नाव साळूबाई. पितळखोऱ्याच्या वरच्या वस्तीवर ती राहत होती.

"मावशी, तुम्ही आमच्या गाडीत कशा बसल्या?" कारभारींनी विचारले.

"त्या बाईनंच बसवलं की मला. भांडी धूत बसल्या व्हत्या झाडाखाली. म्या इचारलं, कन्नडपस्तोर नेता का, लेकीचे दिस भरलेत, पिशोरला जायचंय. तर म्हनल्या, पिशोर माझं म्हायेर हाय, बसा. आन म्हनल्या, समदे वर आलेत, आता हातपाय धुतील, पानी पितील. तवर मी खाली जाऊन लेणं बघून येते. माझ्या जागेवर बसा, डब्यावर ध्यान ठेवा, वानरं लई हायेत." साळूबाईने काकासाहेबांकडे पाहिले आणि ओळखले. "म्या म्हनलं की तुम्हाला! साहेब, त्या बाई यायच्यात म्हनलं. तुम्ही हात केला. गप म्हनलं."

काकासाहेबांना तो तळहात आठवला. स्वतःचाच.

"मंग गाडी चालू झाली. मला वाटलं, दुसरी जीप उभी व्हती तिथं, तिच्यातनं येत असतील त्या. मोठी मानसं तुम्ही. तुमचं तुम्हाला ठावं." ती रडू लागली. "म्या जागा राखली व्हती वो त्यांची. कुनाला बसू दिलं नाय."

जोहराबीने तिला पाठीवर थोपटले आणि परत जीपमध्ये बसवून आली. कारभारींनी काकासाहेबांना दंडाला धरून गाडीत चढवले. कुणी कुणाला विचारले नाही. कडूबाने गाडी आल्या वाटेने वळवली होती आणि सदतीस माणसांपैकी एकानेही घरी उशीर होईल असे म्हटले नाही.

पश्चिमेकडे आभाळ तांबडे झाले होते. काकासाहेब पुढच्या जागी बसले नाहीत. मधल्या वाटेत दांडी धरून उभे राहिले. त्यांचे डोके सवयीने काम करत होते आणि तेच त्यांना सोसवेना. मोजणीतली चूक जोडीच्या तपासणीत सापडावी आणि जोडीतली चूक मोजणीत सापडावी, यासाठी दोन तपासण्या होत्या. त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, असे त्यांनी किती जणांना फळ्यावर दाखवले होते. दोन्ही एकाच माणसावर टांगलेल्या होत्या आणि त्या माणसाची जोडी तपासायला कुणीही नव्हते. अकरा वर्षे वच्छलाबाई मागे राहिल्या नाहीत त्या पद्धतीमुळे नव्हे. त्या स्वतःहून वेळेवर येऊन बसत होत्या म्हणून.

"फॉरेस्टच्या चौकीत सांगावं लागलं तर," कारभारी दबक्या आवाजात म्हणाले, "नेसून काय आहेत वहिनी आज? साडी कोणती?"

काकासाहेबांनी तोंड उघडले.

सकाळी पाच वाजता त्यांनी तिला स्वयंपाकघरात पाहिले होते, धपाटे थापताना. सहा वाजता डबे चढवताना पाहिले होते. दुपारी तिने त्यांच्या पानात दुसऱ्यांदा चटणी वाढली होती. हात आठवत होता. बांगड्या आठवत होत्या. साडी आठवेना. त्यांनी डोळे मिटून पाहिले, तरी आठवेना.

"जांभळी," मागून जोहराबी म्हणाली. "काठ हिरवे. वर करडा स्वेटर."

"त्या अंगाला बिबट्या हाय म्हनत्यात," कडूबा स्वतःशीच बोलला. "परवा शेळी नेली."

"तू सामने देख, भाई. गाडी चला," जोहराबी म्हणाली.

रस्ता खराब होता. खड्ड्याखड्ड्याला मागचे रिकामे डबे एकमेकांवर आपटत होते. ते धरायला आज कुणी नव्हते.

पठारावर पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. बसच्या दिव्यांच्या झोतात आधी झाड आले, मग राखणदाराची पत्र्याची खोली आणि तिच्यासमोरची बाज. बाजेवर घोंगडी पांघरून कुणी बसले होते. शेजारी कंदील होता.

"आली बगा गाडी, बाई," फकिरा राखणदार म्हणाला. "म्या म्हनलं नव्हतं?"

काकासाहेब सर्वांच्या आधी उतरले आणि बाजेपासून चार हातांवर थांबले. बोलायला पुष्कळ होते. वच्छलाबाईंनी घोंगडी बाजूला सारली. साडी जांभळीच होती.

"त्या म्हातारीला पिशोरची गाडी मिळाली का?" त्यांनी विचारले.

काकासाहेबांनी होकारार्थी मान हलवली.

"बरं झालं. लेकीचे दिवस भरलेत तिच्या."

"हाक मारायचीस," काकासाहेब म्हणाले. इतक्या शब्दांतून नेमका हाच शब्द बाहेर आला आणि तो आल्याबरोबर त्यांना त्याची लाज वाटली.

"मारली की."

"हाक कसली, साहेब!" फकिरा मध्ये पडला. "त्या वळणापस्तोर पळाल्या बाई. म्या झऱ्यावर पानी आणाया गेल्तो. वर आलो तं ह्या रस्त्याच्या मधी उभ्या. एक पाय अनवानी. म्हनलं, बाई, चला, च्या घ्या, येतीन मानसं."

काकासाहेबांनी खाली पाहिले. बाजेच्या पायाशी चपलांचा जोड ठेवला होता. एका चपलेचा अंगठा मुळापासून निघाला होता. साडीचे हिरवे काठ घोट्यापासून वीतभर धुळीने पांढरे झाले होते.

"लई नाही पळाले," वच्छलाबाई म्हणाल्या. "वळणावर उभी राहिले. म्हटलं, मोजल्याबिगर तर गाडी कधी हलत नाही. म्हणजे मोजलंच असणार तुम्ही." त्या जरा थांबल्या. "आणि भरलं असणार."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काकासाहेबांना काही उत्तर देता आले असते. उतरत्या उन्हात, भरल्या बसच्या मागे रिकाम्या रस्त्यावर उभे राहून ही बाई त्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवत होती. गाडी गेली म्हणजे आकडा पूर्ण झाला, आणि आकडा पूर्ण झाला म्हणजे आपण त्यात नव्हतो, एवढाच तिने त्याचा अर्थ लावला होता.

"किती आले होते?" वच्छलाबाईंनी विचारले.

"अडतीस."

वच्छलाबाईंनी मान डोलावली. "मग बरोबर आहे."

तोवर जोहराबी येऊन त्यांना बिलगली होती आणि मोठमोठ्याने रागावत होती. "कैकू गयी थी अकेली? मेरे को बोलना नक्को? जान लेती क्या हमारी?" कारभारींनी फकिराला धन्यवाद देता देता डोळे पुसले आणि धुरामुळे पाणी आले असे सांगितले, कंदील मात्र स्वच्छ जळत होता.

परतीच्या वाटेवर जोहराबीने वच्छलाबाईंना आपल्याजवळ बसवून घेतले. सारजाबाई आपण होऊन मागे, डब्यांपाशी गेल्या. काकासाहेब जोहराबी आणि वच्छलाबाईंच्या पुढच्याच बाकावर, पाठमोरे बसले होते. मोजायचे आहे, असे कुणी सुचवले नाही आणि त्यांनीही मोजले नाही.

"पण असं एकाएकी खाली जायचं मनात आलंच कसं?" जोहराबीने विचारले.

"एकाएकी कुठं? मागच्या रविवारी यांनी व्याख्यानात हत्ती सांगितले ना. रांगेनं उभे आहेत म्हणून. बघावेसे वाटले."

"दिसले?"

"दिसले की. कुणी दाखवायला नव्हतं, म्हणून सावकाश पाहिले. एकेकाला हात लावला. गार लागत होते." वच्छलाबाई थोडे हसल्या. "तिथंच उशीर झाला बघा."

"दौलताबादचा किल्ला तर चढलात ना तुम्ही?"

"नाही. डबे होते ना. दारातली तोफ पाहिली मी."

"और वेरूळ?"

"वेरूळला गाड्या लावायची जागा लई मोठी आहे. चिंचेची सावली होती. पैठणला मी नळापाशी बसले होते. तिथलं पाणी गोड. खुलताबादला दर्ग्याबाहेर एक फुलवाली होती, तिच्याशी गप्पा झाल्या. तिचा ल्योक वाळूजला होता, यांच्याच कारखान्यात."

काकासाहेब खिडकीतून बाहेर पाहत होते. बाहेर अंधाराशिवाय काही नव्हते आणि काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता. प्रत्येक सहलीनंतर मंडळात ते विचारत, काय पाहिलंत, कुणी सांगेल का? बायकांना मुद्दाम बोलते करत. घरी, जेवताना, तोच प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. ती आपल्याबरोबर होती. म्हणजे तिने पाहिलेच असणार, असे ते धरून चालले होते.

पुढच्या रविवारी समाजमंदिरात नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. काकासाहेबांनी ठरलेले व्याख्यान रद्द करून स्वतः फळ्यासमोर उभे राहायचे ठरवले होते. दोष कुठे होता हे सगळ्यांसमोर मांडल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हते. त्यांनी दोन तपासण्यांची आकृती काढली आणि मग दोहोंच्या मध्ये एक टिंब दिले.

"हे मी," ते म्हणाले. "दोन्ही तपासण्या इथे येऊन थांबत होत्या. त्यामुळे त्या दोन नव्हत्याच. एकच होती. शिवाय मोजणी चालू असताना बोलू नये, हा नियम मी केला होता. एक बाई खरे सांगत होती आणि मी तिला गप्प केले. यापुढे मोजणी कारभारी करतील. मोजताना ज्याला बोलायचे असेल त्याने बोलावे. मोजणाऱ्याने थांबून ऐकावे. आणि डोकी न मोजता चेहरे मोजावेत."

"मला मोजता येतं का बघा आधी," कारभारी म्हणाले. "मोंढ्यात मी मापात मारलेलं हाय." हशा झाला, पण लवकर विरला.

"आणखी कुणाला काही सुचवायचे आहे?" काकासाहेबांनी विचारले. मग खडू हातात तसाच ठेवून ते बायकांच्या बाजूला, शेवटच्या रांगेकडे वळले. "वच्छलाबाई, आपल्याला?"

चारचौघांत त्यांनी पत्नीला अशी हाक पहिल्यांदाच मारली होती. सगळ्या माना मागे वळल्या. वच्छलाबाई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

"यापुढं डबा ज्याचा त्यानं आणावा," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

ठराव टाळ्यांशिवाय मंजूर झाला. पुरुषमंडळींपैकी बरेच जण आपल्या पायांकडे पाहत होते.

रमजान सरल्यावर, २३ फेब्रुवारीच्या रविवारी, पुढची सहल अन्व्याच्या देवळाला निघाली. सकाळी सहा वाजता समाजमंदिरासमोर बस उभी होती. ज्याच्या त्याच्या हातात आपापली पिशवी होती. कारभारींनी डब्यात काय आणले ते दोघातिघांनी उघडून पाहिले, आणि "भाकरी करपलीय की वो" असे ऐकल्यावर त्यांनी, "करपलेली मीच केलीय, चांगली बायकोनं केलीय," असे सांगितले. शेवटच्या बाकावर पिंप नव्हते, पातेले नव्हते.

वच्छलाबाईंच्या पायांत नव्या चपला होत्या. त्या बसच्या दारापाशी थांबल्या.

"अहो," त्या काकासाहेबांना म्हणाल्या, "सारजाबाई वैजापूरला गेल्यात, लेकाकडं. जोहराबी एकट्या पडतील. मी त्यांची जोडी होते."

"हो," काकासाहेब म्हणाले. "व्हा ना."

"चालंल ना तुम्हाला?"

"चालेल."

त्या वर चढल्या आणि पुढून तिसऱ्या बाकावर, खिडकीपाशी बसल्या. जोहराबीने काच सरकवून दिली. काकासाहेब सर्वांच्या शेवटी चढले. चालकाशेजारची जागा आता मोजणाऱ्याची होती. ते मधल्या वाटेने मागे गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या आणि जांभळ्या साडीचा एक खांदा दिसत होता.

कारभारी पुढून निघाले. ते प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहत, प्रत्येकाशी दोन शब्द बोलत आणि तरीही आकडा न सोडता येत होते. काकासाहेबांपाशी येऊन ते थांबले.

"तुमचा जोडीदार कोन, काकासाहेब?"

"कुणाला नेमू नका," काकासाहेब म्हणाले. "मी येईन वेळेवर."

कारभारींनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिले, मान हलवली आणि पुढे जाऊन कडूबाच्या पाठीवर थाप मारली. बस निघाली तेव्हा तिच्यात सदतीस माणसे होती : अठरा जोड्या आणि एक.